टिपेटिपेला इस्त्री

शिंप्याच्या दुकानात जरा वेळ थांबून पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. मशीनपासून हात-दीड हातावर इस्त्री असते आणि ती दिवसभर गरम असते. कॉलरचे दोन तुकडे जोडून झाले की कारागीर उठतो, शिवण दाबतो, कॉलर उलटवतो, टोक बाहेर काढतो, पुन्हा दाबतो आणि मगच वरची टीप मारायला बसतो. घरी शिवणाऱ्यांची पद्धत बहुधा वेगळी असते. ब्लाऊज पुरा होतो, हुक लागतात, आणि मग कपाटातली इस्त्री बाहेर येते. तोवर उशीर झालेला असतो. काखेत चार शिवणी एकत्र येतात तिथे गाठ बसलेली असते, गळ्याची पट्टी उचललेली असते, कटोरीची शिवण फुगलेली असते. टीप सरळ असते, मापही बरोबर असते, तरी कपडा अंगावर नीट बसत नाही.

धुतलेल्या कपड्यांची इस्त्री आणि शिवणातली इस्त्री ही दोन निराळी कामे आहेत. धुतलेल्या शर्टाच्या फक्त सुरकुत्या काढायच्या असतात. शिवताना सपाट कापडाला आकार द्यायचा असतो, आणि तो आकार सुईदोऱ्याइतकाच इस्त्रीही देते. दुकानात इस्त्री ज्या गुणांवर विकली जाते ते गुण असे: वजनाला हलकी, तळाला शेकडो छिद्रे, आपोआप बंद होणारी. हेच गुण मशीनशेजारी बसल्यावर बरेचदा आड येतात. म्हणून शिवणासाठी, आणि विशेषतः तुकडे जोडून केलेल्या गोधडीसाठी, इस्त्री निवडताना आधी कापडाचे आणि उष्णतेचे नाते पाहायला हवे.

सुती धागा म्हणजे सेल्युलोजच्या लांबलचक रेणूंचा जुडगा. हे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. चुरगळलेल्या अवस्थेत कापड वाळले की बंध त्याच जागी जुळतात आणि सुरकुती पक्की होते. धाग्यात पाण्याचा अंश शिरला की हे बंध सुटतात. उष्णता मिळाली की रेणूंना हलायला बळ येते, वरून दाब पडला की ते नव्या जागी सरकतात, आणि पाणी उडून कापड निवले की बंध तिथे पुन्हा जुळतात. ओल, उष्णता, दाब आणि निवणे अशा या चार पायऱ्या आहेत. पहिल्या तीन सगळ्यांना ठाऊक असतात, चौथी हमखास राहून जाते. गरम शिवण तशीच उचलून मशीनखाली सरकवली तर बसवलेली दुमड अर्धी उलगडते. कापड जागेवरच थोडे निवू दिले तर ती टिकते.

युरोप-अमेरिकेतले शिंपी यासाठी कठीण लाकडाचा गुळगुळीत ठोकळा वापरतात. ओल्या, गरम शिवणीवरून इस्त्री उचलली की लगेच तो ठोकळा ठेवून दाबायचा. लाकूड ओल शोषून घेते आणि उष्णता पटकन बाहेर पडू देत नाही. कापड दाबाखालीच निवते आणि शिवण सुरीसारखी धारदार बसते. ओळखीच्या सुताराकडून रंग-पॉलिश न केलेला, कडा घासून गोल केलेला वीतभर ठोकळा करून घेतला की घरीही हे जमते. महाग इस्त्रीपेक्षा हा ठोकळा अधिक फरक पाडतो.

पॉलिस्टरचे गणित वेगळे. त्यात पाणी फारसे शिरत नाही, त्यामुळे तिथे ओलीचे काम कमी आणि उष्णतेचे जास्त. साधारण ७० ते ८० अंश सेल्सिअसच्या पुढे पॉलिस्टरचे रेणू सैल होऊ लागतात, आणि निवताना जो आकार असेल तो धरून ठेवतात. टेरिकॉटच्या स्कर्टची प्लेट धुतल्यावरही टिकते ती यामुळे. चुकीची दुमड पडली तर तीही तितक्याच चिवटपणे टिकते. हेच कापड २५० अंशांच्या पुढे वितळते, आणि त्याच्या बरेच आधी आक्रसते व चकाकू लागते. इस्त्रीच्या चकतीवर एक, दोन, तीन ठिपके असतात, त्यांचा अर्थ आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तळाचे तापमान अनुक्रमे ११०, १५० आणि २०० अंशांपर्यंत असा आहे. एक ठिपका नायलॉन-ॲक्रिलिकला, दोन रेशीम, लोकर आणि पॉलिस्टरला, तीन सुती आणि लिननला. शिवणकामात दिवसभर हे तिन्ही लागतात. म्हणून चकती वरच्या बाजूला, हाताखाली, आकडे स्वच्छ दिसतील अशी असणे ही साधी वाटणारी बाब महत्त्वाची आहे.

आता गोधडीकडे. महाराष्ट्रातली जुनी गोधडी इस्त्रीवाचून शतकानुशतके उत्तम होत आली. लुगडी, धोतरे, पातळे धुऊन धुऊन मऊ झालेली असायची. त्यांचे थर एकावर एक पसरायचे, वर ठिगळे ठेवायची, ठिगळाच्या कडा आत दुमडून नखाने घासून बसवायच्या आणि कडेकडून आत धावदोरा घालत जायचे. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका कवंडी शिवतात तेव्हाही असेच कडेपासून मध्याकडे जातात आणि दुमड बोटांनीच बसवतात. इथे ठिगळ खालच्या थरावर बसते. ते मिलीमीटरभर इकडेतिकडे झाले तरी काही बिघडत नाही, उलट त्या मोकळेपणातच तिचे देखणेपण आहे. या बायकांच्या बोटांना इस्त्रीची उणीव कधी भासली नाही.

तुकड्याला तुकडा जोडून केलेल्या गोधडीचा प्रकार मात्र निराळा. अमेरिकेत वाढलेली आणि आता पुण्या-मुंबईतही अनेक जणी आवडीने करतात ती ही पद्धत. यात चौकोन, त्रिकोण, पट्ट्या आधी एकमेकांना मशीनने जोडून वरचा थर तयार करायचा असतो. माया फक्त पाव इंच, म्हणजे सहा मिलीमीटरच्या जराशी वर. समजा दहा पट्ट्या जोडल्या, तर शिवणी झाल्या नऊ. प्रत्येक शिवणीपाशी कापड नीट न उघडता किंचित दुमडून राहिले आणि मिलीमीटरभर जागा खाल्ली, तर तो तुकडा नऊ मिलीमीटरने आखूड भरतो. शेजारच्या तुकड्यात तीनच शिवणी असतील तर तो तीन मिलीमीटरने कमी. मग दोघांच्या कडा जुळत नाहीत आणि गोधडी मध्येच फुगते. टीप कितीही सरळ असली तरी ही चूक इस्त्रीच्या टेबलावर झालेली असते.

इथे इस्त्री दाबायची असते, फिरवायची नसते. शर्टावर ती मागेपुढे सरकवतो तशी तुकड्यांवर सरकवली तर कापड ताणले जाते. आडव्या-उभ्या धाग्यावर हा ताण थोडा असतो. पण त्रिकोणाची तिरपी बाजू उरेब असते आणि उरेब कापड गरम, ओले असताना सहज ओढले जाऊ शकते इतके लवचीक असते. गळ्याला किंवा काखेला लावायच्या उरेब पट्टीचा हाच गुण उपयोगी पडतो: गरम इस्त्रीने तिला वळण देता येते. गोधडीच्या त्रिकोणात तोच गुण नुकसान करतो. म्हणून रीत अशी: टीप मारली की आधी शिवण जशी आहे तशी, न उघडता, दाबायची. त्याने टाके कापडात बसतात. मग वरचा तुकडा उलटवून माया गडद कापडाच्या बाजूला लोटायची आणि इस्त्री उचलून, ठेवून, उचलून, ठेवून पुढे जायचे. जिथे खूप शिवणी एका बिंदूत येतात तिथे माया दोन्हीकडे उघडून दाबतात. त्या वेळी इस्त्रीचे टोक सहा-सहा मिलीमीटरच्या दोन पदरांमधून सरळ जायला हवे.

टोकाला इतके महत्त्व पूर्वीपासून आहे. चुलीवर किंवा शेगडीवर तापवायच्या ओतीव लोखंडी इस्त्र्यांच्या काळात अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या मेरी पॉट्स यांनी इस्त्रीला दोन्ही बाजूंनी टोक दिले, आणि १८७१ मध्ये निघणाऱ्या लाकडी मुठीचे पेटंट घेतले. एक मूठ, दोन-तीन तळ; एक निवला की दुसरा उचलायचा. १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या हेन्री सीली यांनी विजेच्या इस्त्रीचे पेटंट घेतले, पण घरोघरी वीज यायला अजून वेळ होता आणि ती इस्त्री सात किलोच्या घरात होती. खरी गंमत पुढे झाली. कॅलिफोर्नियातल्या ऑन्टॅरिओ गावात वीज कंपनीत काम करणारे अर्ल रिचर्डसन यांनी हलक्या विजेच्या इस्त्र्या बनवून ग्राहकांना वापरायला दिल्या. तेव्हा वीज फक्त रात्री, दिव्यांपुरती असे. सोमवारी धुणे आणि मंगळवारी इस्त्री हा तिथल्या घरांचा क्रम, म्हणून त्यांनी मंगळवारी दिवसाही वीज सुरू ठेवायला लावली. वापरणाऱ्या बायकांची तक्रार अशी की इस्त्री मध्ये फार तापते आणि टोकाला थंड राहते, त्यामुळे झालरी आणि काजांभोवतीचे काम होत नाही. १९०५ च्या सुमारास रिचर्डसन यांनी तापणारी तार टोकाकडे एकवटली. 'हॉटपॉइंट' हे नाव त्या तापत्या टोकावरून पडले आणि पुढे मोठ्या उद्योगाचे नाव झाले.

सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या बायकांची कसोटी आजही दुकानात लावता येते. इस्त्री समोरून पाहावी. टोक निमुळते, धारदार आहे की गोलाकार बोथट? टोकाजवळ तळ पातळ होत गेला आहे का, की बटणाखाली जाईल? हलक्या, स्वस्त इस्त्र्यांत बरेचदा टोक रुंद असते. धुतलेल्या कपड्यांना ते चालून जाते, उघडलेल्या मायेत ते शिरत नाही.

टोकानंतर वजन. गेल्या काही वर्षांत हलकी इस्त्री हीच चांगली अशी समजूत झाली आहे. रोज वीस शर्ट करणाऱ्या हाताला ते पटणारे आहे. शिवणात इस्त्री सरकवायची कमी आणि ठेवायची जास्त असल्यामुळे वजन हाताचे काम करते: जड इस्त्री स्वतःच दाबते. शिवाय तळाचा धातू म्हणजे उष्णतेचा साठा. एक किलो ॲल्युमिनियम २०० अंशांवरून १५० अंशांवर उतरताना सुमारे ४५ हजार जूल उष्णता देते, आणि साधारण २० ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ व्हायला तेवढीच उष्णता लागते. म्हणजे किलोभर तळाची इस्त्री ओलसर जाड शिवणीवर ठेवली तर तिच्यातले पाणी उडवूनही ती गरम राहते. तळ ४०० ग्रॅमचाच असेल तर तेवढ्याच कामात त्याचे तापमान सव्वाशे अंशांनी खाली येईल. आत वीज चालू असते म्हणून प्रत्यक्षात इतकी घसरण होत नाही; पण जीन्सची शिवण किंवा गोधडीचे चार पदर दाबताना हलकी इस्त्री दमते आणि दोन-दोनदा थांबावे लागते, त्याचे कारण हेच. बाजारात साध्या कोरड्या इस्त्र्यांमध्ये 'हेवी वेट' म्हणून मिळणाऱ्या दीड-पावणेदोन किलोच्या इस्त्र्या शिवणाला चांगल्या. मनगटाचे दुखणे असेल तर अर्थातच हलकी घ्यावी आणि दाबायला तो लाकडी ठोकळा वापरावा.

वाफेची की कोरडी? याचे उत्तर आकड्यांत दडलेले आहे. वाफेच्या इस्त्रीच्या खोक्यावर मिनिटाला अमुक ग्रॅम वाफ असे लिहिलेले असते. ते २० ग्रॅम धरू. एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० जूल लागतात; २० ग्रॅमला ४५,२०० जूल. मिनिटाला इतके म्हणजे सेकंदाला सुमारे ७५० जूल, म्हणजेच ७५० वॅट. नळाचे पाणी उकळीपर्यंत न्यायला आणखी शंभरेक वॅट. इस्त्री १,००० वॅटची असेल तर तळ गरम ठेवायला उरतात जेमतेम दीडशे वॅट. तळ निवतो, पाण्याची पुरी वाफ होत नाही, आणि छिद्रांतून थेंब गळतात. टाकीतला गंज किंवा खर असेल तर तो थेंब पांढऱ्या कापडावर तपकिरी डाग सोडतो. म्हणून वाफेची इस्त्री घ्यायची असेल तर १,६०० ते २,००० वॅटच्या आसपासची घ्यावी. कमी वॅटची वाफेची इस्त्री शिवणाला घेऊ नये. त्याच पैशात जड कोरडी इस्त्री आणि पाण्याचा बारीक फवारा देणारी बाटली घ्यावी. ओल हवी तिथे आणि हवी तेवढीच देता येते, हा त्या बाटलीचा मोठा फायदा.

जास्त वॅटची इस्त्री घेताना घरातला सॉकेट पाहावा. २३० व्होल्टवर १,००० वॅटची इस्त्री साधारण ४.३ अँपिअर ओढते, २,००० वॅटची ८.७. भिंतीवरचा लहान सॉकेट सहा अँपिअरचा असतो. तो १,३८० वॅटपर्यंतचाच भार झेलतो. दोन हजार वॅटची इस्त्री मोठ्या, १६ अँपिअरच्या सॉकेटवरच चालवायची, आणि मशीनच्या एक्स्टेंशन बोर्डवर तर मुळीच नाही. शिवणयंत्राची मोटर आणि दिवा मिळून फार कमी वीज घेतात, म्हणून तो बोर्ड बरेचदा हलक्या तारेचा असतो.

छिद्रांचाही विचार हवा. तळाला जितकी छिद्रे जास्त तितकी वाफ जास्त पसरते. पण छिद्राखाली धातू नसतो, म्हणजे तेवढ्या जागी दाबही नाही आणि उष्णताही कमी. सुरकुत्या काढताना इस्त्री सरकत असते, त्यामुळे हे जाणवत नाही. बकरम किंवा फ्यूजिंग चिकटवताना जाणवते. त्याच्या एका बाजूला गोंदाचे बारीक ठिपके असतात. ते वितळून कापडात शिरण्यासाठी इस्त्री एका जागी दहा-पंधरा सेकंद स्थिर दाबून ठेवावी लागते. छिद्राखालचे ठिपके नीट वितळत नाहीत, आणि पहिल्या धुण्यात कॉलरवर फोड आल्यासारखे बुडबुडे येतात. वाफेचीच इस्त्री असेल तर वाफ बंद करून, प्रत्येक वेळी जागा थोडी सरकवून, आधीच्या जागेचा काही भाग पुन्हा दाबला जाईल असे पुढे जायचे. तरीही ज्यांचे काम मुख्यतः कॉलर-कफ, पिशव्या, फ्यूजिंगचे आहे त्यांना बिनछिद्राचा सपाट तळ सोयीचा.

वाफेच्या इस्त्रीचा आणखी एक शत्रू म्हणजे जड पाणी. बोअरच्या पाण्यातले कॅल्शिअमचे क्षार तापल्यावर पांढरी खर होऊन आतल्या बारीक वाटा बुजवतात. कोणते पाणी घालायचे ते उत्पादकाने पुस्तिकेत लिहिलेले असते, आणि प्रत्येकाची सूचना वेगळी असते; ती पाळावी. काम झाले की टाकी रिकामी करावी. इस्त्रीत पाणी ठेवून ती आडवी कपाटात टाकणे हे डागांचे सर्वांत मोठे कारण आहे.

आपोआप बंद होणारी इस्त्री ही सुरक्षेची उत्तम सोय आहे. लहान मुले असलेल्या घरात ती हवीच. सर्वसाधारणपणे आडवी राहिलेली इस्त्री अर्ध्या मिनिटात आणि उभी ठेवलेली आठेक मिनिटांत बंद होते. धुतलेले कपडे करताना आठ मिनिटे ती कोणी उभी ठेवत नाही. शिवताना मात्र बारा पट्ट्या जोडायला सहज दहा मिनिटे लागतात. उठून इस्त्री उचलावी तर ती थंड. पुन्हा तापेपर्यंत थांबावे लागते, आणि हे दिवसभर चालते. काही इस्त्र्यांत ही सोय बंद करता येते. विकत घेताना तेवढे विचारावे. सोय नसलेली इस्त्री घेतली तर भिंतीवरचे बटण मशीनवर बसल्या जागेवरून दिसेल असे असावे, त्याला दिवा असावा, आणि उठताना ते बंद करायची सवय लावून घ्यावी.

ज्यांचा शिवण हाच व्यवसाय आहे, त्यांच्यासाठी आणखी एक प्रकार आहे. बुटिकमध्ये आणि कपड्यांच्या कारखान्यांत दिसतो तो: इस्त्रीला टाकी नसते, वर आकड्याला तीन-चार लिटरची पाण्याची बाटली टांगलेली असते आणि नळीतून पाणी खाली येते. मुठीवरचे बटण दाबले की विजेची झडप उघडते, पाणी गरम तळातल्या वळणांतून जाते आणि कोरडी, जोरकस वाफ बाहेर पडते. बाटलीत क्षार पकडणारे राळेचे दाणे असतात. तळ जाड, वजनदार, आपोआप बंद होण्याची भानगड नाही, दिवसभर चालते. हिला उभी करायची नसते, उष्णता सोसणाऱ्या पॅडवर आडवी ठेवायची असते. हवा तेव्हा तळाला टेफ्लॉनचा 'शू' चढवता येतो, त्यामुळे गडद कापडावर चकाकी येत नाही. शिवणयंत्रे आणि त्यांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांत ती मिळते. रोज चार-पाच तास शिवणाऱ्या बाईसाठी घरगुती वाफेच्या इस्त्रीपेक्षा ही अधिक वर्षे चालणारी आणि खरोखर कामाची वस्तू आहे. छताला भक्कम आकडा किंवा स्टँड मात्र हवा.

कापडे आपली आहेत, तेव्हा काही गोष्टी आपल्याच कापडांच्या. खणाचे तुकडे जोडून गोधड्या, पिशव्या, ब्लाऊज आज भरपूर शिवले जातात. गुळेदगुड्डचा जुना खण सुती आणि रेशमी धाग्यांचा. आता त्यात कृत्रिम रेशीमही असते. असे कापड उलट्या बाजूने, दोन ठिपक्यांवर दाबावे. जुन्या पैठणीच्या पदराचा तुकडा असेल तर त्यावर पाण्याचा फवारा मारू नये, कारण रेशमावर थेंबाचे डाग पडतात. वर मलमलचा ओलसर तुकडा घालून दाबावे. जर खरी असली तर तारेची असते आणि उष्णता सोसते. स्वस्त जर बहुधा धातूचा मुलामा दिलेल्या पॉलिस्टरच्या पट्टीची असते. ती तीन ठिपक्यांवर आक्रसते, काठ गोळा होतो आणि तो पुन्हा सरळ होत नाही. कोणते कापड आहे ते कळत नसेल तर कडेचा एक धागा चिमट्यात धरून वाटीवर जाळून पाहावा. सुती धागा कागदासारखा जळून त्याची राख होते, पॉलिस्टरचा वितळून कडक मणी होतो. वेगवेगळ्या घरांतून जमवलेल्या चिंध्यांची गोधडी करताना ही तपासणी आधी केली तर पुढचा त्रास टळतो. आणि थरांमध्ये पॉलिस्टरचे वॅडिंग घातले असेल तर गोधडी पुरी झाल्यावर तिच्यावर गरम इस्त्री ठेवू नये. फुगलेले वॅडिंग बसते ते कायमचे. सगळी इस्त्री वरचा थर वेगळा असतानाच उरकायची.

इस्त्रीखालच्या जागेकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. मऊ गादीवर शिवण दाबली तर ती खाली रुतते आणि तिचा उंचवटा तसाच राहतो. परदेशात गोधडी करणाऱ्या बायका लोकरीच्या जाड नमद्यासारख्या चटया वापरतात. लोकर उष्णता खाली जाऊ देत नाही, त्यामुळे शिवण वरून-खालून एकदम शेकते, आणि तिच्या खरखरीत पोतामुळे तुकडे सरकत नाहीत. आपल्याकडे हे काम घोंगडी करते. टेबलावर जाड विणीची घोंगडी दोन घड्या घालून पसरावी, वर धुऊन आक्रसलेले मांजरपाट ताणून बांधावे. ब्लाऊजच्या चिमट्यांसारख्या गोलाईच्या जागेसाठी भुसा किंवा लोकरीच्या चिंध्या ठासून भरलेली घट्ट लहान उशी शेजारी ठेवावी.

परदेशातल्या नातेवाइकांकडून तिथली नावाजलेली इस्त्री मागवण्याचा मोह होतो. अमेरिकेतली इस्त्री १२० व्होल्टची असते. आपल्या २३० व्होल्टवर ती ठरलेल्या वॅटच्या जवळजवळ पावणेचारपट वीज ओढते आणि क्षणात जळते. दीड हजार वॅट झेलणारा ट्रान्सफॉर्मर इस्त्रीपेक्षा जड आणि महाग पडतो. उलट इथली १,००० वॅटची इस्त्री न्यू जर्सीला नेली तर ती तिथे २७० वॅटच देते, म्हणजे कोमट होऊन बसते. दोन्ही व्होल्टेजवर चालणाऱ्या लहान प्रवासी इस्त्र्या मात्र मिळतात, आणि बाहीच्या टोकासाठी, छोट्या ठिगळांच्या कडा वळवण्यासाठी, शिवणवर्गाला न्यायला त्या छान.

दुकानात जाताना चार पदरांची एक शिवलेली चिंधी सोबत न्यावी आणि इस्त्री लावून दाखवायला सांगावे. पहिल्यांदा दिवा विझतो तेव्हा तळ ठरल्यापेक्षा बराच जास्त तापलेला असतो, कारण तापमान राखणारी दोन धातूंची पट्टी उशिरा वाकते. दिवा दुसऱ्यांदा विझला की मगच चिंधीवर ठेवून पाहावे. घरीही रेशीम करताना हाच नियम. इस्त्री उभी ठेवून टेबलाला हलका धक्का द्यावा; डुगडुगली तर नको. वायर मुठीच्या मागून निघते तिथे तिला फिरता सांधा आहे का आणि ती दोन मीटरच्या जवळपास आहे का ते पाहावे. भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह असलेच पाहिजे, प्लग तीन पिनांचा हवा आणि घरच्या सॉकेटला अर्थिंग हवे. कारण शिवताना ओल्या हाताने धातूची वस्तू धरली जाते.

तळ कोणता घ्यायचा यावर फार खल होतो, पण शिवणात फरक पडतो तो गोंदाने. फ्यूजिंगचा गोंद किंवा खळ तळाला लागली की ती जळून चिकटते आणि पुढच्या पांढऱ्या कापडावर उतरते. नॉनस्टिक तळावरून ती सहज निघते, पण त्याला टाचणीचा ओरखडा लवकर पडतो, आणि शिवताना टाचण्या असतातच. स्टीलचा तळ ओरखडे सोसतो, मात्र घासावा लागतो. कोमट इस्त्री ओल्या जाड फडक्यावर फिरवणे, आणि मुलामा नसलेला तळ असेल तर कागदावर मीठ पसरून त्यावर घासणे, हे दोन उपाय बहुतेक वेळा पुरतात. फ्यूजिंगच्या वर-खाली बटर पेपर घातला तर ही वेळच येत नाही.

जड कोरड्या इस्त्रीच्या बाजूने शेवटचा मुद्दा दुरुस्तीचा आहे. तिच्यात तापणारे एलिमेंट, थर्मोस्टॅट, दिवा आणि वायर एवढेच भाग असतात, आणि कोणत्याही गावातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात ते बदलून मिळतात. वाफेच्या बहुतेक इस्त्र्या प्लास्टिकच्या कवचात अशा बंद केलेल्या असतात की पंप किंवा टाकी गेली की सगळी इस्त्री टाकावी लागते. घेताना त्या कंपनीचे सुटे भाग जवळपास मिळतात का हे दुकानदाराला विचारून घ्यावे, आणि वायरचे सुती आवरण मुठीपाशी विरले की वाट न पाहता ती बदलून घ्यावी.